रुमालाची परेड

आयुष्यातला पहिला कडक सॅल्यूट मला मिळाला तो वर्धा जिल्ह्यात, आंजीच्या पलीकडच्या एका गावात, सरकारी दवाखान्याच्या पायरीवर. माझ्या एका हातात होल्डॉल होता, दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी, आणि एसटीने सगळ्या रस्त्याची धूळ माझ्या तोंडावर बसवलेली. सॅल्यूट मारणारा माणूस दवाखान्याचा कंपाउंडर होता. खाकी सदरा, इस्त्रीची धार सुरीसारखी, मिशा पांढऱ्या आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी.

"कंपाउंडर ड्यूटीवर हाजिर हाये, साब."

मी इकडेतिकडे पाहिलं. माझ्यामागे एक शेळी सोडली तर कोणी नव्हतं. पुण्याहून नुकती डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेली मुलगी मी, साब कुठून होणार? मी म्हटलं, "मला बाई म्हणा हो. सगळे म्हणतात तसं."

"बाई घरी, साब. इथं कुर्सीवर अफसर बसते. बाई हाये का माणूस, कुर्सीले समजत नाई."

तेव्हापासून तिथल्या सहा वर्षांत मी त्यांची साबच राहिले. आधी मला ही थट्टा वाटली, मग त्यांचं खूळ वाटलं. त्या एका शब्दावर पुढे एका म्हाताऱ्याचं सगळं भवितव्य लोंबकळणार आहे, हे मला तेव्हा कुठून कळणार?

वीसेक वर्षं लष्करी इस्पितळात रुग्णांची सेवा करून ते हवालदार म्हणून घरी आले होते. गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. मीही तेच म्हणते. दवाखान्यातल्या बाटल्या त्यांनी उंचीप्रमाणे लावलेल्या असत. मी खोकल्याचं औषध जागा चुकवून ठेवलं तर ते काही बोलत नसत, फक्त येऊन ती बाटली पुन्हा रांगेत ठेवत आणि तिच्याकडे असं पाहत की मलाच ओशाळल्यासारखं व्हावं. बुटांना एरंडेल, इस्त्रीला निखारे भरलेला पितळी तांब्या. रांगेत ढकलाढकली झाली की शिट्टी. तान्ह्या पोरापासून ते दात नसलेल्या आजीपर्यंत प्रत्येक रुग्णाला ते 'जवान' म्हणत, आणि आज्यांना ते फार आवडायचं.

इंजेक्शन देताना त्यांची एक युक्ती होती. "जवान, घरच्या बैलाचं नाव सांग." माणूस नाव सांगायचा. "अन् जोडीच्या बैलाचं?" तो ते आठवायला लागेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. ज्याच्याकडे बैल नसत त्याला ते शेजाऱ्याचे विचारत.

एक प्रश्न मात्र ते कुणालाही विचारत नसत, तो म्हणजे 'का'. दारू पिऊन पडलेला असो, की नवऱ्याने मारलेली असो, की विहिरीत उडी टाकून वाचलेली असो. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कारण कळल्याशिवाय उपचार कसा करायचा?"

"काऊन इचारलं की माणूस वकील होते, साब. कधीपासून इचारा. मग तो बीमार राह्यते."

आता त्या परेडबद्दल सांगते, कारण हवालदारांची खरी तऱ्हा तीच.

आसपासच्या पाच-सहा गावांत मिळून सतरा-अठरा म्हातारे फौजी होते. कुणी ब्रह्मदेशात लढलेले, कुणी पुढच्या लढायांत. बहुतेक बौद्ध, काही कुणबी, एक-दोन मुसलमान. दर शुक्रवारी सकाळी हे सगळे बुद्धविहारासमोरच्या अंगणात जमत. गावात सपाट, रोज झाडलेली आणि गुरं न बांधलेली तेवढी एकच जागा होती. हवालदार शिट्टी वाजवत. "लाइन बन. सावधान." वाकलेल्या पाठी जमेल तेवढ्या ताठ होत. मग तपासणी. नखं, वहाणा आणि शेवटी रुमाल. प्रत्येकाने पांढरा रुमाल उलगडून दोन्ही हातांनी पुढे धरायचा. हवालदार तो उन्हासमोर धरून बघत, घडी घालून परत देत. नखं वाढलेली असली तर अंगणातल्या निंबाला एक चक्कर.

मी दवाखान्याच्या खिडकीतून हे पाहायची आणि मनात म्हणायची, म्हातारे झाले तरी यांचं शिपाई-शिपाई खेळणं काही सुटत नाही. एकदा मी ते बोलूनही दाखवलं. हवालदार रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर दोन रुमाल पसरले. एक कडेकडेने मळलेला होता. दुसरा बाकी स्वच्छ, पण बरोबर मधोमध रुपयाएवढा गोल, पिवळट तपकिरी डाग, धुऊनही न गेलेला.

"हा पसिन्याचा," ते पहिल्यावर बोट ठेवून म्हणाले. "अन् हा चिलमीचा."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. चिलीम ओढताना तिच्या तळाला ओलं फडकं गुंडाळतात, त्याला साफी म्हणतात. धूर त्यातून गाळून येतो आणि मधोमध असा डाग पडतो. तंबाखूचा असता तर विटकरी असता, हा गांजाचा. जिल्ह्यात दारूबंदी आली तशी फौजी लोकांची कँटीनची रमही बंद झाली. आयुष्यभर संध्याकाळी एक पेग घेऊन झोपलेली माणसं ती. त्यांतली काही गांजाकडे वळली. बंद तर तोही होता, पण तुरीच्या आडोशाने बांधावर चार झाडं उगवली तर कोण बघायला जातं?

"मग हे लोक मला का सांगत नाहीत? मी प्रत्येकाला विचारते. नशा करता का? सगळे नाही म्हणतात."

"झूट नाई बोलत ते, साब. त्यायच्या हिशोबानं नशा म्हंजे दारू. हे त बूटी हाये. गुडघ्याची दवा हाये. आमच्या इथंच दोघं पुनवेले पाचवं शील मोठ्यानं म्हन्ते, नशापाणी करनार नाई म्हनून. अन् विहाराच्या मांगं जाऊन चिलीम भरते. त्यायच्या मनात काईच खोट नाई."

मी सहा महिने केसपेपरवर 'व्यसन: नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहीत होते. ते कागद मला तेव्हा डोळ्यासमोर दिसले आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

डाग सापडला की हवालदार त्या माणसाला रांगेत काही बोलत नसत. जाताना फक्त म्हणत, "जवान, रुमाल बदला. संध्याकाळी रिपोर्ट." तो माणूस दिवे लागायच्या वेळी दवाखान्यात यायचा, कारण चिलमीची वेळ तीच. हवालदार त्याला कामाला लावत. बाटल्या पुसणं, मलमाच्या डब्या भरणं, क्षयाच्या रुग्णांच्या गोळ्या पुड्यांत बांधणं. आठवडे-महिने हे चालायचं. काही सुटत, काही कमी करत, काही पळून जात आणि पुन्हा येत. यातलं काहीही कुठल्याही कागदावर नव्हतं. मी कारण विचारलं नाही, मला तेवढं शहाणपण आलं होतं, तेव्हा त्यांनीच एक दिवस सांगितलं. फौजी इस्पितळात असताना त्यांनी एका शिपायाच्या उशीखालची चिलीम वर कळवली होती. नियमच होता तसा. शिपायाला कैद झाली, मग घरी पाठवलं. तो घरी पोचलाच नाही. "गाडीत बसवून देल्लं होतं म्या सोता," एवढंच म्हणाले आणि बाटल्यांच्या रांगेकडे वळले.

पुढे दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ते वर्ध्याजवळ नालवाडीला मुलीकडे राहायला गेले. मी एकदा भेटायला गेले तर अंगणात गल्लीतले चार पेन्शनर ओळीने उभे होते आणि हवालदार एकाचा रुमाल उन्हात धरून बघत होते. मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "बाई, आता माह्या सासऱ्यायलेबी लाइनीत उभं केलं ह्यायनं." सासरे मोठ्या अभिमानाने उभे होते.

पण हवालदार म्हटले की मला आठवतो तो त्याच्या आधीचा एक हिवाळा, तूर फुलावर असतानाचा.

सकाळी एक चाळिशीचा शेतकरी दवाखान्यात आला. त्याचे वडील सुभेदार होते, भागातले सगळ्यात मोठ्या हुद्द्याचे फौजी. मी त्यांना शुक्रवारी पाहत असे, उंच, शिडशिडीत, काळा कोट घातलेले. कुणबी असून विहाराच्या अंगणात काय जाता, असं गावातल्या कुणी तरी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "बर्म्यातल्या खंदकात कोनाचा मोहल्ला होता?" पुन्हा कुणी विचारलं नाही.

मुलगा खाली मान घालून सांगत होता, "बाई, बाबा पागल झाले. मायले दुश्मन समजून राह्यले. दोन वर्सं होऊन राह्यली. ती भाकर देते त बाबा आधी कुत्र्याले टाकते. म्हन्ते, जहर हाये. आता त ते सोताच कणकीचा गोळा भाजून खाते. परवा तिच्या अंगावर काठी घेऊन धावले. माह्या लेकरायले काई झालं त काय करू? नागपूरच्या पागलखान्यात घालतो. तुमची चिठ्ठी लागते म्हन्ते."

मी घरी जाऊन तपासलं. सुभेदार सभ्यपणे बोलले, पण नजर सारखी दाराकडे. नाडी जलद, डोळे लाल, कालचं आठवत नाही. त्यांची बायको मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी विचारलं, दारू? नाही. तंबाखू? नाही. कसली नशा? सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. पासष्टीला आलेला माणूस, मेंदू थकला असणार. परत येऊन मी चिठ्ठी लिहिली आणि शिक्का मारायला हवालदारांकडे दिली.

"शिक्का सापडत नाई, साब."

त्यांच्या सदऱ्याचा उजवा खिसा चांगला फुगलेला होता. मी त्या खिशाकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे.

"हवालदार, तिकडे ती बाई रोज जीव मुठीत धरून राहते आहे."

"मालूम हाये, साब. म्हनूनच सापडत नाई." मग ते माझ्यासमोर सावधान उभे राहिले, आणि आवाज खाली आला. "कसूर माहा हाये. सतरा लोकायचे रुमाल पाह्यतो मी. सुभेदारसाबचा कधी पाह्यलाच नाई."

परेडला सुभेदार रांगेत उभेच राहत नसत. ते रांगेसमोर, बाजूला, हात मागे बांधून उभे राहत, मोठा हुद्दा म्हणून. आणि हवालदाराने सुभेदाराचा रुमाल मागणं म्हणजे फौजेत आभाळ कोसळणं. आठ वर्षं सगळ्यांचे डाग शोधणाऱ्या या माणसाला समोरच्या एका माणसाकडे नजर वर करून पाहण्याची मुभा नव्हती. फौजेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी नव्हती.

"मग आता?"

"सुभेदाराची तपासनी अफसर करते," हवालदार म्हणाले. "आपल्या इथं अफसर तुम्ही हाये."

मी बाई नसून साब असण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मुलाला आम्ही संक्रांतीपर्यंत थांबायला सांगितलं. त्याने कबूल केलं, पण बजावलं, "संक्रांतीले बाबाले न्याले बैलबंडी जुपून ठेवतो, बाई. त्याच्यापुढं मी मायले नाई ठेवू शकत तथी."

आणि इथे मी माती खाल्ली. हवालदारांनी मला नीट शिकवलं होतं की घाई करायची नाही, एकट्यात बोलायचं. पण मी नवी डॉक्टर, अंगात उत्साह, डोक्यात पुस्तक. पुढच्या शुक्रवारी हवालदार औषधं आणायला वर्ध्याला गेले होते. मी तरातरा विहाराच्या अंगणात गेले आणि सवयीने लागलेल्या रांगेसमोर उभी राहून, गांजाने हृदयावर, फुप्फुसावर आणि मेंदूवर काय परिणाम होतात यावर दहा मिनिटं भाषण केलं. शेवटी म्हटलं, "तुमच्यापैकी कोण कोण गांजा ओढतं? लाजायचं काही कारण नाही. हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सुभेदारांनी कोटाची बटणं लावली आणि ते निघाले. त्यांच्यामागून एकेक करून रांग मोडली.

पुढच्या शुक्रवारी चारजण आले, संध्याकाळी कामाला कोणीच आलं नाही. आठ वर्षांत हवालदारांनी जमवलेली माणसं मी दहा मिनिटांत हुसकून लावली होती. मला रडू येत होतं आणि ते आलंही. हवालदार मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. मी म्हटलं, "मी प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागते."

"माफी मांगाल त ते अजून शरमतील. तुम्ही त्यायचा रुमाल मांगितला, साब, सगळ्यायसमोर. आता आपला दाखवा."

म्हणून त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी रांगेत उभी राहिले. चार म्हातारे आणि पाचवी मी. रस्त्यापलीकडे नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर सुभेदार बसले होते, अंगणात यायचं नाही पण पाहायचं तर आहे अशा बेताने. आणखी काहीजण पानठेल्यापाशी उभे होते. हवालदारांनी गंभीर चेहऱ्याने एकेकाची नखं पाहिली आणि माझ्यासमोर थांबले.

"नंबर पाच. रुमाल."

मी उलगडला. गळवांना लावायचं जांभळं औषध त्यावर सगळीकडे सांडलेलं होतं. हवालदारांनी तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"अफसरचा रुमाल जांभळा," ते मोठ्याने म्हणाले. "एक चक्कर."

मी साडी खोचली आणि निंबाला चक्कर मारली. अर्ध्यात चपलेचा अंगठा तुटला, तशी ती हातात घेऊन उरलेली मारली. आधी पानठेल्यापाशी कुणीतरी फिसकन हसलं, मग रांगेतले चौघे, मग सगळेच. हसणारे हळूहळू अंगणात आले. मी मात्र तशीच अनवाणी पुलावर गेले आणि सुभेदारांसमोर रुमाल धरला.

"सुभेदारसाहेब, माझा बघा."

ते उठून उभे राहिले. रुमाल घेतला, निरखून पाहिला. "शाई हाये का?"

"औषध आहे. माझ्या निष्काळजीपणाचं. आता तुमचा दाखवा."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौपदरी घडीचा रुमाल काढला आणि उलगडून माझ्यासमोर धरला, दोन्ही हातांनी, रांगेत धरतात तसा. मधोमध डाग होता, रुपयाएवढा नव्हे, चांगला तळहाताएवढा.

"घरी अजून दोन हायेत," ते म्हणाले. "ते याच्याहून खराब हायेत."

मी 'का' विचारलं नाही. कधीपासून, एवढंच विचारलं. लडाखच्या बर्फात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. "जे बोटं नाईत, तेच दुखते," ते म्हणाले. रम होती तोवर तिच्यावर झोप यायची. ती बंद झाल्यावर एक चिलीम, मग तीन, आता दिवसाला सहा-सात. घरच्यांना वाटायचं बाबा मळ्यात फेरी मारतात. त्या धुरातून घरी आलं की सगळे शत्रूचे दिसत.

मग आमचं काम सुरू झालं. मी माझ्या जुन्या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं: झोप आणि जेवण सांभाळा, वेदनेवर उपचार करा, चिडचिड होईल ती सोसा, वेळ रिकामा आणि माणूस एकटा ठेवू नका. मी ते मोठ्या दिमाखात हवालदारांना वाचून दाखवलं. "हे त मी करूनच राह्यलो," ते म्हणाले, "पन चांगलं लिवलं हाये सरनं."

अडचण एकच होती. हवालदार सुभेदारांना काम सांगू शकत नव्हते. त्यावर त्यांनी तोड काढली. रोज दिवे लागायच्या आधी ते सुभेदारांच्या दारात जाऊन सॅल्यूट ठोकत. "साब, बीमार जवानायची गोळ्यायची परेड हाये. मुआयना कराले चलता का?" सुभेदार त्या तपासणीला येत, खुर्चीवर बसून क्षयाच्या रुग्णांना गोळ्या गिळताना बघत. कुणी टाळाटाळ केली तर त्यांचा आवाज असा चढे की गोळी आपोआप उतरे. त्या महिन्यात आमच्याकडे एकाही रुग्णाचा डोस चुकला नाही.

हाताला चिलमीची सवय, तर हवालदारांनी त्या हातांना संत्री दिली. एकेक संत्रं सोलायचं, प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा काढायचा, आणि पोरांना वाटायचं. सुभेदार संध्याकाळी डझनभर संत्री सोलत. मी पायाला शेक आणि तेल सांगितलं, वेदनेच्या गोळ्या दिल्या, झोपेची थोडी दिली आणि थोड्या दिवसांत काढून घेतली.

सगळं सरळ झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. चौथ्या-पाचव्या दिवशी ते घामाने निथळत होते, अन्न जाईना, मला म्हणाले की तूही शत्रूचीच माणूस आहेस. एकदा टोपलीभर संत्री भिंतीवर फेकली. हवालदारांनी ती गोळा केली, पुसली आणि परत समोर ठेवली. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आले आणि माझ्या टेबलासमोर उभं राहून रुमाल उघडला. ताजा डाग.

हवालदारांनी आपल्या खिशातून कोरा रुमाल काढून पुढे केला. "बदला, साब."

त्यानंतर नजर दाराकडे जाणं कमी झालं. एक दिवस त्यांनी मला माझ्या गावाचं नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांना आठवत होतं. मला इतका आनंद झाला की मी हवालदारांना मिठाई आणायला पाठवलं. पण घरी ते अजून स्वतःचा कणकीचा गोळाच भाजून खात होते. मुलगा येऊन सांगून गेला, "मायच्या हातचं नाई खात, बाई. बंडी मी जुपनार हावो."

संक्रांत त्या वर्षी शुक्रवारी आली. परेडला सगळे होते. तपासणी संपली तेव्हा बाजूला उभे असलेले सुभेदार चालत आले आणि रांगेच्या शेवटाला, सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहिले. हवालदार गोंधळले, मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं.

"हवालदार, दोन वर्सं मी माह्या बायकोले दुश्मन समजलो," सुभेदार समोर बघत म्हणाले. "सगळं आता याद येऊन राह्यलं. एक एक दिवस. मले सजा दे."

हवालदारांनी निंबाकडे पाहिलं नाही.

"साब, हे माह्या हद्दीत नाई. ज्याच्या हद्दीत हाये तथी चला."

आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. दारात बंडी जुंपलेली होती, वर घोंगडी आणि वळकटी ठेवलेली. मुलगा बैलांपाशी उभा होता, चेहरा रडवेला. सुभेदारीण ओसरीवर आली. हवालदारांनी तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माय, साब सजा मांगून राह्यले. तुम्ही सांगा काय ते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. चुलीवर काही ठेवल्याचा, भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. आम्ही उभेच. हवालदार घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि जमायला लागलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी नजरेनेच वाटेला लावलं.

तिने ताट आणून सुभेदारांसमोर ठेवलं. गरम भाकरी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी. दारातलं कुत्रं शेपटी हलवत पुढे आलं. त्याला सवय होती. सुभेदार खाली बसले. त्यांनी घास मोडला, कुत्र्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंडात घातला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ते थांबले नाहीत. माझीही अवस्था तीच झाली होती, आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या खाकी सदऱ्याचे खांदे मला हलताना दिसत होते.

ताट पुसून झाल्यावर सुभेदार खाली बघतच म्हणाले, "अजून हाये का?"

ती ताट उचलून आत जायला निघाली. उंबऱ्यात थांबली आणि मुलाला म्हणाली, "बैल सोड, बाबू. उनात कायले उभे ठेवले त्यायले."